काळ्या पट्टीच्या अलीकडे

"हेच?" मी विचारलं.

"हेच नं मंग," पारबताबाई म्हणाल्या. "येवढी टेकडी चढून आल्या, आता आनखी कोनतं पायजे तुमाले?"

मी दम खात उभी होते. समोर राखाडी सिमेंटची एक लांबच लांब भिंत. ना रंग, ना प्लास्टर, ना वर घुमट. सेंट्रिंगच्या फळ्यांच्या रेघा भिंतीवर जशाच्या तशा. विहार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पांढरा घुमट येतो, पायऱ्या येतात, पायऱ्यांवर फुलांची ताटं घेतलेल्या बाया येतात. इथं पंचरंगी झेंडा तेवढा होता, तोही एका कोपऱ्यात लोखंडी खांबावर. बाकी सगळं आमच्या डेपोमागच्या टायरच्या गोदामासारखं. जुनं म्हणजे पार सम्राट अशोकाच्या मागेपुढेचं विहार म्हणे हे, नव्या पद्धतीनं उभं केलेलं. मी मनात म्हटलं, बाप्पा, याच्यापायी माझा पोरगा हातचा गेला!

पारबताबाई गावातल्या. विहारातल्या भिक्खूंचा स्वयंपाक त्या करत. म्हातारी, पण चढताना माझ्यापुढे चार पावलं. फाट्यावर मी गाडीतून उतरले तेव्हा त्या तिथंच चिंचेखाली बसून होत्या. 'प्रसेन भन्तेची माय का वं तुमी?' म्हणून पिशवी हातातून घेतली. त्यांनी मला कसं ओळखलं ते मी विचारलं नाही. पांढरं पातळ नेसून, तोंड पाडून दुसरं कोण येणार होतं त्या फाट्यावर?

ही गोष्ट आता गंज जुनी झाली. तेव्हा मी एसटीत कंडक्टर होते, भंडारा डेपोला. रिटायरमेंट जवळ आली होती. मोहटेकडी आमच्या डेपोच्या पार दुसऱ्या टोकाला, वैनगंगेच्या अंगानं, माझ्या रूटवर कधी लागली नाही. म्हणून ते विहार बांधलं जात असताना मी एकदाही पाहायला गेले नव्हते. गेले ते एकाच कामासाठी. मला माझा पोरगा घरी आणायचा होता.

प्रसेनजित माझा एकुलता एक. त्याचे बाबा, देवाजी नंदेश्वर, काविळीनं गेले तेव्हा तो अंगणवाडीत जायचा. त्यानंतर घरात आम्ही दोघंच. दिवसभर गाडीत मी ओरडून ओरडून घसा फाडायची. पुढं सरका, सुट्टे काढा, दारात उभं राहू नका. घरी आल्यावर तोंड उघडायचा कंटाळा यायचा. पोराला ते बरोबर समजायचं. रागावले तरी मी त्याच्यावर कधी हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. नुसती गप्प बसायची. मी गप्प बसले म्हणजे 'नाही', हे त्याला पाटी-पेन्सिल धरायच्या आधीपासून ठाऊक होतं. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर त्याला पुण्याला नोकरी मिळत होती. जेवताना त्यानं सांगितलं. मी त्याच्या ताटात वरण वाढलं आणि काही बोलले नाही. सकाळी उठून तो म्हणाला, इकडंच काहीतरी बघतो. झालं, पुणं संपलं.

इकडं मिळाली ती एका ठेकेदाराकडे. मोहटेकडीच्या टेकडीत खोदकामवाल्यांना जुन्या विहाराचा पाया सापडला होता. हातभर लांब विटा, मधे चौक, चौकाच्या चारी बाजूंनी भिक्खूंच्या खोल्या. एका ट्रस्टनं त्या पायाला धक्का न लावता त्याच्यावरच नवं विहार बांधायचं ठरवलं आणि बाहेरून कुणी मोठा आर्किटेक्ट आणला. प्रसेन तिथं सुपरवायझर. शनिवारी घरी यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत सिमेंट. जेवता जेवता त्याच्या विटांच्या गोष्टी चालायच्या. कोणत्या विटेवर कुत्र्याच्या पंजाचा ठसा आहे, कोणत्या विटेवर बोटं उमटली आहेत. मी हुं हुं करायची. मला वाटायचं, पोरगं कामात रमलं, आता एखादी पोरगी पाहावी.

काम झालं त्या उन्हाळ्यात तिथं श्रामणेर शिबिर लागलं. आमच्यात पोरं जातात. दहा दिवस डोकं भादरून चीवर नेसायचं, पहाटे उठायचं, वाडग्यात मिळेल ते दुपारच्या आत खायचं, अकराव्या दिवशी चीवर उतरवून घरी यायचं. पोरगं वळणाला येतं, घराला बरं वाटतं. मी हौसेनं पाठवलं, वस्तीत सांगत सुटले. अकराव्या दिवशी सगळ्यांची पोरं आली. माझं आलं नाही. फोन आला, अजून थोडे दिवस राहतो. थोडे थोडे म्हणता दोन पावसाळे निघून गेले.

मग एक दिवस तिथल्या मोठ्या भन्तेंचा फोन आला. भदन्त खेमानंद. म्हणाले, उपासिका, तुमच्या मुलाला उपसंपदा घ्यायची आहे, त्याला आई-वडिलांची परवानगी लागते. वडील नाहीत, म्हणजे तुमची. श्रामणेर म्हणजे कच्चं तिकीट, उपसंपदा म्हणजे पक्कं, कायमचं भिक्खू होणं, एवढं मला समजत होतं. मी म्हटलं, येऊन सांगते. काय सांगायचं ते ठरलेलंच होतं.

तर त्या भिंतीला एक अरुंद फट होती, तेच दार. आत गेले. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत एकदम गार. वरून कुठूनतरी एक उजेडाची पट्टी खाली पडली होती, बाकी अंधार. मी पारबताबाईंना म्हटलं, लाइट गेली का? माझा तेवढा साधा प्रश्न त्या भिंतींनी तीनदा म्हणून दाखवला. मी तोंड मिटलं.

प्रसेन चौकातून आला. मला वाटलं होतं वाळला असेल. वाळला असता तर बरं झालं असतं, मला बोलायला जागा मिळाली असती. चांगला दिसत होता मेला. चेहऱ्यावर तकतकी, चालणं सावकाश. मी दोन पावलं पुढे होऊन त्याच्या गालाला हात लावायला गेले, तर पारबताबाईंनी पदर धरून मागे ओढलं.

"हात नोका लावू, माय. बाईनं शिवू नाई त्याईले. पाया पडा."

मी वाकले नाही. ज्याची लंगोटं धुतली त्याच्या पाया पडायची माझी तयारी नव्हती. तोही तसाच उभा. माझ्या पायांच्या पुढच्या जमिनीकडे बघत होता.

"जेवण झालं?" त्यानं विचारलं. आई म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही.

झालं, मी म्हटलं. झालं नव्हतं.

मग तो म्हणाला, विहार दाखवतो. आणि पारबताबाईंना म्हणाला, तुम्हीही चला. मला वाटलं म्हातारीला मान देतोय. पारबताबाईंनीच कानात सांगितलं की भिक्खूनं बाईबरोबर एकट्यानं राहायचं नसतं, माय असली तरी. मला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. ज्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच होतो तिथं कुठून आणायचं होतं तिसरं माणूस?

चौकात जमीन काचेची होती. जाड काच, खाली जुन्या विटा. मी पाय ठेवायला घाबरले. तो म्हणाला, ठेवा, काही होत नाही, याच्यावरून ट्रॅक्टर जाईल. 'ठेवा' म्हणाला. मला अहोजाहो केलं त्यानं. पण पुढे बोलत गेला तसा तो माझा प्रसेन होत गेला. इथं पाया दोन बोटं खचला होता म्हणून कितीतरी दिवस काम थांबवलं. ही भिंत दोनदा ओतली, पहिली आर्किटेक्टला पसंत पडली नाही. रंग का नाही दिला असं मी विचारलं, तर म्हणाला, रंग दिला की दरवर्षी द्यावा लागतो, हिला कुणी काही करायला नको, ती आहे तशी उभी राहील. भिंतीवरून हात फिरवला त्यानं, शनिवारी जेवताना विटांचं सांगायचा तसाच. मी त्या हाताकडे बघत होते.

चौकाच्या टोकाला मोठं दालन. त्याच्या चारी कडेनं जमिनीत काळ्या दगडाची वीतभर रुंद पट्टी बसवलेली. तो म्हणाला, ही सीमा. उपसंपदेच्या वेळी संघ पट्टीच्या आत बसतो, बाकी लोक बाहेर.

"ही मीच बसवून घेतली," तो म्हणाला. "चारही कोपरे जुळेनात. शेवटी गवंड्यांना बाजूला करून मी बसलो."

तेव्हा ठाऊक होतं का तुला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

मग त्यानं खोली दाखवली. मी उंबऱ्याबाहेर उभी, पारबताबाई माझ्या मागे. आत एक सिमेंटचा ओटा, त्यावर चटई, कोपऱ्यात वाडगं. जुन्या खोलीचं जे माप निघालं तेच नव्या खोलीला ठेवलंय, तो म्हणाला, त्या काळचा भिक्खू आज आला तर त्याला अंधारातही आपली जागा सापडेल. ओटा एका माणसाचा. कूस बदलली तर पडावं. खिडकी होती, पण इतकी वर की आभाळाशिवाय काही दिसू नये.

"इथून रस्ता दिसत नाही रे," मी म्हटलं.

"नाही दिसत."

"कुणी आलं-गेलं ते कसं कळतं मग तुला?"

"कळत नाही."

"एकटं नाही वाटत?"

त्यानं जरा विचार केला. खोटं बोलायची सवय त्याला पहिल्यापासून नाही. "वाटतं," तो म्हणाला. "घरीही वाटायचं. तिथं वाटलं की अपराध्यासारखं व्हायचं, आपण तुमच्याजवळ असून असं कसं वाटतं म्हणून. इथं एकटं वाटलं तरी चालतं."

मला ते फार लागलं. मागून पारबताबाई म्हणाल्या, चला वं माय, चाय मांडतो. मी गेले.

सगळी दुपार मी वाट बघत होते की तो विचारेल. त्यानं विचारायचं आणि मी नाही म्हणायचं, असं सगळं गाडीत बसून पाठ केलं होतं. त्यानं एकदाही विषय काढला नाही. संध्याकाळच्या वंदनेनंतर मोठ्या भन्तेंनीच बोलावलं.

भदन्त खेमानंद चौकात बसले होते. गावातली दहा-वीस माणसं होती, बाहेरगावाहून आलेले भिक्खू होते, प्रसेन एका कडेला मान खाली घालून बसलेला. भन्ते वयानं माझ्यापेक्षा मोठे, आवाज मऊ. त्यांनी मला आधी एक हकिगत सांगितली. भगवंतांनी आपल्या स्वतःच्या पोराला, राहुलला, प्रव्रज्या दिली तेव्हा म्हातारे शुद्धोदन राजे त्यांच्याकडे आले. म्हणाले, तू गेलास तेव्हा मला दुःख झालं, तुझा भाऊ नंद गेला तेव्हा झालं, आता नातूही गेला. पोराची माया कातडी कापते, मांस कापते, हाडापर्यंत जाते. दुसऱ्या कुणा आईबापाला हे नको, यापुढे त्यांना विचारल्याशिवाय कुणाला घेऊ नका. भगवंतांनी ऐकलं आणि नियम केला.

"तो नियम तुमच्यासाठी आहे, उपासिका," भन्ते म्हणाले. "म्हणून विचारतो. उद्या तुमच्या मुलाला उपसंपदा द्यायला तुमची अनुमती आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी प्रसेनकडे बघितलं. माझ्या तोंडात शब्द तयार होता, पण एवढ्या माणसांत भन्तेंच्या तोंडावर 'नाही' म्हणायला जीभ उचलेना. शिवाय राग होता. ज्यानं विचारायचं तो भिंतीसारखा बसलाय आणि परके विचारताहेत. मी मान वर ठेवली, ओठ घट्ट मिटले आणि काही बोलले नाही. घरी बसायची तशी बसले. माझ्या लेखी मी उत्तर दिलं होतं.

भन्तेंनी थोडा वेळ वाट पाहिली, हात जोडले. "साधु," म्हणाले. लोकही म्हणाले, साधु, साधु, साधु. प्रसेननं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होता! मग उठून आपल्या खोलीकडे गेला.

साधु काय, उठता-बसता म्हणतात. मला वाटलं, विषय संपला. सकाळच्या गाडीनं पोरगं बरोबर येणार. मी पारबताबाईंच्या घरी झोपायला गेले तर तिथं सगळ्या वस्तीच्या बाया तांदूळ निवडत बसलेल्या. एकीनं मला जवळ घेतलं, दुसरी पाया पडली. पारबताबाई म्हणाल्या, "बरं झालं वं माय, तुमी हो म्हनलं. आमाले धाकधूक होती."

"मी कधी हो म्हटलं?"

"गप बसल्या नं तुमी. भन्तेईच्या रितीत गप बसनं म्हंजे हो. आमंत्रन दिलं का तेयी असेच गप बसते. बोललं तं नाई, गप बसलं तं हाव."

मी सुपातले तांदूळ हातात घेऊन तशीच बसले. काय बाई हा उलटा कारभार! माझ्या घरात जे 'नाही' होतं ते चौकात जाऊन 'हो' झालं होतं. उठून टेकडी चढून भन्तेंना सांगता आलं असतं. भन्ते, चूक झाली, माझं नाही आहे. पारबताबाईंचा कंदील होता, वाट होती. मी गेले नाही. मला राहून राहून प्रसेनची ती नजर आठवत होती. भन्तेंना नसेल कळलं, गावाला नसेल कळलं, पण त्याला कळलंय. कळूनही तो उठून खोलीत गेला, काही बोलला नाही. मग मी काऊन सांगू? तो उद्या काय करतो ते बघायचं होतं मला. माझ्या अबोल्यावर पाय देऊन जातो का, तेवढंच बघायचं होतं.

सकाळी सगळी मोहटेकडी पांढऱ्या कपड्यांत टेकडीवर. दालनात पट्टीच्या आत भिक्खू बसले, बाहेर एका अंगाला पुरुष, एका अंगाला आम्ही बाया. आई म्हणून मला सगळ्यांच्या पुढे, पट्टीला लागून बसवलं. काळा दगड माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. मोठे भन्ते आत. प्रसेनच्या अंगावर नवं चीवर, हातात वाडगं. रीत अशी की आधी एक भन्ते त्याला पट्टीच्या बाहेर आणून प्रश्न विचारतात, उत्तरं बरोबर आली की मग आत घेतात. तो आणि ते भन्ते आमच्याच बाजूला आले, माझ्यापासून चार पावलांवर उभे राहिले.

प्रश्न पालीत, आणि लोकांना कळावं म्हणून मग मराठीत. तुला कोड आहे का? नाही, भन्ते. गळवं? नाही, भन्ते. फेफरं येतं का? नाही, भन्ते. तू माणूस आहेस ना? आहे, भन्ते. हा प्रश्न ऐकून मागच्या पोरी फिसफिसल्या. स्वतंत्र आहेस? आहे, भन्ते. कुणाच्या चाकरीत नाहीस? नाही, भन्ते. त्याचा आवाज एकसारखा येत होता.

"आई-वडिलांची अनुमती आहे?"

प्रसेन थांबला.

"नाही, भन्ते," तो म्हणाला.

विचारणारे भन्ते पुढचा प्रश्न विचारायलाही लागले होते, मग त्यांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, "काल उपासिकांनी मौनानं दिली ना? सगळ्यांसमोर."

"ते मौन आपल्या रितीचं नव्हतं," प्रसेन म्हणाला. "माझी आई घरी असंच गप्प बसते, भन्ते. तेव्हा ते 'नाही' असतं."

बाहेर मांडवात भाताची चूल पेटली होती, तिचा धूर आत येत होता. गावानं महिनाभर राबून तो दिवस उभा केला होता, लांबलांबून भिक्खू आले होते. विचारणाऱ्या भन्तेंनी हळूच मान हलवली, म्हणाले, मग पुढे जाता येत नाही.

"हो, भन्ते," प्रसेन म्हणाला. त्यानं वाडगं काखेत नीट धरलं, माझ्याकडे वळला आणि त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघून बोलला.

"थांब, आई. कपडे बदलून येतो. गाडी मिळेल आपल्याला."

मी जिंकले होते हो! आणखी काय पाहिजे होतं? आई म्हणाला, आपल्याला म्हणाला, येतो म्हणाला. रडला नाही, फणकारला नाही. पुण्याची नोकरी सोडली त्या सकाळी जसा चहा पीत म्हणाला होता, इकडंच बघतो, अगदी तसा. मला फक्त बसून राहायचं होतं. तो गेला असता, पँट-शर्ट घालून आला असता, आम्ही फाट्यावर चिंचेखाली उभे राहिलो असतो. भंडाऱ्याच्या दोन खोल्यांत त्याची चटई परत पडली असती. तो तिथं माझ्यासमोर जेवला असता, आणि त्याला एकटं वाटलं असतं, आणि तसं वाटतं म्हणून तो स्वतःलाच बोल लावत बसला असता. मला कधी कळूही दिलं नसतं.

तो वळून दोन पावलं गेलाही.

"दिली," मी म्हटलं.

गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जावा असा माझा आवाज. त्या सिमेंटच्या दालनात तो कुठल्या कुठं गेला. तो थांबला. मोठे भन्ते पहिल्यांदा बोलले.

"उपासिका, मोकळ्या मनानं देता आहात?"

"मनाचं विचारू नका, भन्ते," मी म्हटलं. "तोंडानं दिली. आता गप्प नाही बसले मी. दिली."

प्रसेन पाठमोराच होता. खांदे तेवढे दिसत होते. ते एकदा हलले आणि स्थिर झाले. विचारणाऱ्या भन्तेंनी तो प्रश्न परत विचारला आणि तो परत फिरून म्हणाला, "आहे, भन्ते." मग वयाचं विचारलं, वाडग्याचं-चीवराचं विचारलं. मग तो माझ्या गुडघ्यासमोरून पट्टी ओलांडून आत गेला.

आत गेल्यावर संघापुढे घोषणा करतात. याला घ्यायचं आहे, ज्यांना मान्य असेल त्यांनी गप्प राहावं, नसेल त्यांनी बोलावं. तीनदा विचारतात. तिन्ही वेळा सगळे गप्प. शेवटी भन्ते म्हणाले, संघाला मान्य आहे, म्हणून संघ गप्प आहे. बाहेर साधु साधु झालं. बायांनी मला धरून उठवलं. मी पट्टीच्या अलीकडे गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ टेकलं, तीन वेळा. सिमेंट गार होतं. वर पाहिलं तेव्हा तो समोर बसला होता, नजर खाली. 'सुखी व्हा,' म्हणाला. पाया पडणाऱ्या सगळ्यांना तेच म्हणत होता.

दुपारच्या आत भिक्खूंना जेवू घातलं. त्याच्या वाडग्यात भात मी वाढला. मग पारबताबाई मला फाट्यावर सोडायला आल्या, गाडी येईपर्यंत बसल्या. गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. घरी आले, कुलूप काढलं, एका माणसाचा भात टाकला.

तो आता श्रीलंकेला असतो. मधे एकदा भंडाऱ्याला आला होता, वर्षावास संपल्यावर. आमच्याच वस्तीतल्या विहारात धम्मदेसना दिली. तो वर आसनावर, मी खाली बायांत. छान बोलतो. जाताना मीही सगळ्यांसारखी पाया पडले आणि त्याला सांगितलं, गुडघे दुखतात, टॉयलेटचा नळ गळतो, शेजारची सून बाळंत झाली. मागे रांग खोळंबली होती. तो ऐकत होता.

वस्तीतल्या बाया म्हणतात, चंद्रकलाबाई फार बोलतात. भाजीवाल्याशी बोलतात, पोस्टमनशी बोलतात, बँकेच्या रांगेत कुणाशीही सुरू होतात. खरंच आहे. काही हवं असेल तर हवं म्हणते, नको असेल तर नको म्हणते, वाईट वाटलं तर तेही सांगून टाकते. पूर्वी नव्हते मी अशी. पण आता गप्प बसून काय करू? ते ज्याला समजायचं, तो एकच होता.